इमर्जन्सी ॲओर्टा सर्जरीनंतर पेशंटचं काय होईल? कोल्हापूरसारख्या ठिकाणी बसून मशीन लर्निंग मॉडेल बनवायचं तर कसं बनवायचं

सरळ मुद्द्यावर येतो. हृदयातून निघणारी मोठी नळी म्हणजे ॲओर्टा, तिचं आतलं अस्तर फाटतं, रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसून स्वतःची वेगळीच वाट काढतं, त्याला डिसेक्शन म्हणतात, आणि ही फाट हृदयाजवळच्या चढत्या भागात असेल तर ते टाइप ए. त्यात वाट बघत बसता येत नाही. ऑपरेशन झालं नाही तर पहिल्या ४८ तासांत दर तासाला १ ते २ टक्के पेशंट जातात हा जुना आकडा सगळ्या पुस्तकांत आहे, अलीकडच्या नोंदींत तो तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलाय, तरी चंदगडहून किंवा घाट चढून वैभववाडीकडून येणाऱ्या पेशंटचा प्रवास धरला तर हिशोब भीतीदायकच होतो. आणि ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असंही नाही. १९९६ ला सुरू झालेल्या आयरॅड या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीने २००० साली पहिल्या ४६४ पेशंटचा रिपोर्ट काढला, त्यात टाइप एचं ऑपरेशन झालेल्यांपैकी २६ टक्के हॉस्पिटलमध्येच गेले, ऑपरेशन न झालेल्यांपैकी ५८ टक्के. नंतर ऑपरेशनचा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, म्हणजे आजही साधारण पाचात एक.

मी डॉक्टर नाही, आकडेवारीवाला माणूस आहे, हार्ट सर्जरीवाल्या डॉक्टर मंडळींच्या डेटात डोकं घालायची सवय लागलीय. हा लेख रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे, शिवाजी विद्यापीठात स्टॅट्स करणाऱ्या पोरांसाठी आहे, आणि केआयटीसारख्या कॉलेजातल्या त्या पोरापोरींसाठी ज्यांना फायनल इयरला हेल्थकेअरमधलं काहीतरी भारी करायचंय. ऑपरेशन करायचं का नाही हे मॉडेलला विचारायचं नाही, ते का हे पुढे येईलच.

पायरी १: प्रेडिक्शन कुठल्या क्षणाला हवंय ते ठरवा

मॉडेल कुठलं घेऊ, रँडम फॉरेस्ट का एक्सजीबूस्ट (दोन्ही मशीन लर्निंगच्या पद्धती), हा प्रश्न प्रत्येकजण पहिल्यांदा विचारतो आणि खरं तर तो शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की तुम्ही नेमकं किती वाजता हे प्रेडिक्शन मागणार. माझ्या मते अख्ख्या कामातला निम्मा शहाणपणा इथंच आहे, बाकी सगळं यातनं आपोआप निघतं.

तीन क्षण धरता येतात. पहिला, सीटी अँजिओ बघून डिसेक्शन पक्कं झालंय, ओटीला फोन गेलाय, बाहेर नातेवाईक उभे आहेत. दुसरा, ऑपरेशन संपून पेशंट आयसीयूत आला. तिसरा, आयसीयूत २४ तास झाले. पहिल्या क्षणाला तुमच्याकडे वय, बीपी, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की वाढतं), क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), इको, सीटी एवढंच असतं. हार्ट-लंग मशीनवर किती मिनिटं होता, क्लॅम्प किती वेळ होता, रक्ताभिसरण पूर्ण थांबवून थंड केलेलं किती वेळ, किती बाटल्या रक्त लागलं, यातलं काहीही अजून घडलेलंच नाही. तरी "प्रीऑपरेटिव्ह मॉडेल" म्हणून मिरवणाऱ्या कामांत बायपास टाइम, म्हणजे हार्ट-लंग मशीनवरची मिनिटं, घातलेला दिसतो, आणि मग एयूसी (जाणाऱ्यांना वाचणाऱ्यांच्या वर लावायचं मॉडेलला किती जमतं त्याचे मार्क, पैकीच्या पैकी म्हणजे १) छान येते, येणारच की, उद्याचा पेपर आज वाचल्यावर काय.

तिसरा क्षण घेतला तर एक गोष्ट विसरू नका, २४ तासांच्या आत गेलेले पेशंट त्या मॉडेलमध्ये येतच नाहीत, ते काढूनच डेटा घ्यायचा. तिन्ही क्षणांसाठी एकच मॉडेल चालवायच्या नादाला लागू नका. एकच निवडायचा असेल तर मी दुसरा निवडीन, आयसीयूत आल्याचा. का ते पुढच्या पायरीत.

मग प्रत्येक कॉलमपुढे एक खूण करा: ही माहिती त्या क्षणाला बेडजवळच्या माणसाच्या हातात असते का. नसेल तर कॉलम बाद. आयसीयूत किती दिवस राहिला हा कॉलम बाद, कारण लवकर गेलेल्याचा मुक्काम लहानच असणार. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवणं, बाद, कारण तिथपर्यंत पोचायला आधी काही दिवस जगावं लागतं, आणि मॉडेल शिकेल की ट्रॅकिओस्टॉमी केली की माणूस वाचतो. डायलिसिस लागलं का, हेही बाद. असली चोरवाट राहिली की कॉम्प्युटर ती हमखास शोधतो.

पायरी २: काय प्रेडिक्ट करायचं

सगळे मृत्यू घेतात. सोपा वाटतो, आहे किंवा नाही. पण आपल्याकडे हा कॉलमच सगळ्यात घोटाळ्याचा आहे. पेशंट अगदी शेवटच्या अवस्थेत असतो, घरचे म्हणतात आता घरी नेतो, शेवट घरात होऊ दे, आणि कागदावर लिहिलं जातं "डामा", म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा पेशंट जिवंत घरी गेला. अशा केसेस थोड्या असल्या तरी मृत्यूच मुळात थोडे, त्यातले चार-सहा चुकीच्या बाजूला गेले की मॉडेल उलटं शिकतं, सगळ्यात आजारी पेशंटना वाचलेले समजायला लागतं.

म्हणून हॉस्पिटलमधला मृत्यू घेऊ नका, ३० दिवसांची स्थिती घ्या, आणि त्यासाठी फोन करावे लागतात, दुसरा इलाज नाही. फोन कोणी करायचा हेही ठरवा. एक्सेल भरणाऱ्या पोराला बसवू नका, ज्यांनी त्या घराशी आधी बोललंय अशा सिस्टर किंवा कोऑर्डिनेटरना सांगा, "अण्णा हयात आहेत का" असं कोणी विचारत नाही, "नमस्कार, हॉस्पिटलातनं बोलतोय, अण्णांची तब्येत कशी आहे आता?" एवढं पुरतं, पलीकडून जे यायचं ते येतं. एथिक्स कमिटीच्या परवानगीत या फोनचा उल्लेख असलाच पाहिजे.

आणि खरं सांगू का, मृत्यू सोडून दुसरं काही प्रेडिक्ट करा असं मी म्हणेन. किडनीला इजा होणं, म्हणजे एकेआय, या ऑपरेशननंतर मृत्यूपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं, म्हणजे शिकायला उदाहरणं जास्त, आणि आधी कळलं तर करण्यासारखंही काहीतरी असतं: नेफ्रोच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवणं, किडनीला त्रास देणारी औषधं टाळणं, डायलिसिस मशीन मोकळं ठेवणं. म्हणून आयसीयूत आल्याचा क्षण. व्याख्या केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची घ्या, ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढलं किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट झालं. अडचण ही की मूळचं क्रिएटिनिन कुणालाच माहीत नसतं, माणूस आयुष्यात पहिल्यांदा रक्त तपासतोय, आणि आल्यावरचं पहिलं क्रिएटिनिनसुद्धा फाट किडनीच्या रक्तवाहिनीपर्यंत गेली असेल तर आधीच वाढलेलं. गेल्या वर्षभरातला जुना रिपोर्ट मिळाला तर तो घ्या, नाही तर पहिला, आणि कुठला घेतला त्याचा वेगळा कॉलम ठेवा.

पायरी ३: परवानगी आणि नावं काढणं

हे उरकून टाका, पण डेटा उघडण्याआधी. संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र घ्या, जुन्या केसपेपरवरचं काम असेल तर संमतीतून सूट मागता येते, ती लेखी मागा. २०१७ ची आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ ची आरोग्यातल्या एआयवरची तत्त्वं एकदा वाचून काढा, वैयक्तिक डेटाचा कायदाही २०२३ चाच आहे. नाव आणि मोबाईल काढला म्हणजे झालं असं नाही. गगनबावड्याकडचं छोटं गाव, वय ४२ आणि ॲओर्टा डिसेक्शन एवढ्यावर पंचक्रोशीतला कोणीही माणूस ओळखेल. गावाऐवजी प्रवासाचे तास लिहा, तारखांऐवजी ऑपरेशनपासूनचे दिवस लिहा. आणि ती एक्सेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे वेगळं सांगायला लागतंय यावरूनच समजून घ्या.

पायरी ४: डेटा कुठनं आणि कसा

रेडकॅप, म्हणजे संशोधनाचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर, मिळत असेल तर त्यात फॉर्म बनवा, नाही तर एक्सेल, पण मग ड्रॉपडाऊन लावून, मोकळं टाइप करायला दिलं की "एचटीएन", "बीपी आहे", "हायपर" आणि "हो" हे चारही बीपीच्या एकाच कॉलममध्ये येतात.

कुठला कागद खरा यावर माझं ठाम मत आहे. ऑपरेशनच्या वेळांसाठी परफ्युजनिस्टचा चार्ट बघा, डिस्चार्ज कार्ड नव्हे. हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस मिनिटामिनिटाला लिहीत असतो, बायपास कधी सुरू, क्लॅम्प कधी, सर्वात कमी टेंपरेचर किती, लॅक्टेट कसं वाढत गेलं. त्याखालोखाल ॲनेस्थेशिया चार्ट. डिस्चार्ज कार्ड थकलेल्या माणसाने पहाटे लिहिलेलं असतं, त्यात आधीच्या पेशंटचा मजकूर कॉपी-पेस्ट झालेलाही सापडतो. सरकारी आरोग्य योजनेत बसलेली केस असेल तर मंजुरीसाठी लावलेल्या कागदांवर तारखा बऱ्यापैकी नीट मिळतात. पण पेशंट योजनेतला की रोख, हा कॉलम मॉडेलमध्ये घालू नका, त्यातनं जे दिसेल ते गरिबीबद्दल असेल, ॲओर्टाबद्दल नव्हे.

कमीत कमी एवढं पाहिजेच: वय, आधी हार्टचं ऑपरेशन झालंय का, येताना बीपी पडलेलं का, हृदयाभोवती रक्त साचून टॅम्पोनेड आहे का, सीपीआर लागलं का, ट्यूब टाकूनच आणला का, लकवा, लॅक्टेट, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, इकोत पंपिंग किती, व्हॉल्व्ह किती गळतोय, आणि मालपरफ्युजन.

मालपरफ्युजनवर थांबू. एखाद्या अवयवाला रक्त पोचत नाही म्हणजे मालपरफ्युजन. सीटीत फाट किडनीच्या फांदीत गेलेली दिसली एवढ्यावर "हो" लिहू नका, अवयव खरंच उपाशी आहे का ते बघा, लघवी बंद, पोट दुखून लॅक्टेट चढलेलं, पाय गार आणि नाडी नाही, असं काहीतरी हवं. पेन वर्गीकरण सोपं आहे: कुठे रक्त कमी नाही तो एए, एखाद्या फांदीला कमी तो एबी, सगळंच कोसळलंय तो एसी, दोन्ही असेल तर एबीसी. चारच खाने, दोन डॉक्टरांना वेगवेगळं भरायला सांगा आणि जुळतंय का बघा. जुळत नसेल तर मॉडेल काय डोंबल शिकणार.

आणखी एक कॉलम परदेशी स्कोअरमध्ये सहसा नसतो पण आपल्याकडे हवाच: आधी हार्ट अटॅक समजून औषध दिलंय का. छातीत कळ आली, गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, फाट उजव्या कोरोनरीच्या तोंडाशी गेली असेल तर ईसीजी खरंच अटॅकसारखाच दिसतो, मग ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस, कधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शनसुद्धा. त्या डॉक्टरांना दोष द्यायचा विषय नाही, त्यांच्यासमोर तेवढंच होतं, पण पुढे ऑपरेशनमध्ये रक्त थांबता थांबत नाही. औषध कुठलं, किती, किती तास आधी, तिन्ही लिहा.

युनिट तपासा. लॅक्टेट एका लॅबमधून मिलिमोलमध्ये येतं, दुसरीकडून मिलिग्रॅममध्ये, १८ मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिमोल, ९ ने भागायचं. युरोपातलं कॅल्क्युलेटर वापरत असाल तर क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मागेल, आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणा.

पायरी ५: वेळ लिहिणं, ही वेगळी कला आहे

दुखणं कधी सुरू झालं विचारा, उत्तर येतं "धारांच्या वेळेला". म्हणजे पहाटे पाच ते साडेसहा काहीही, किंवा संध्याकाळची धार असेल तर आणखीनच वेगळं. एक वेळ ठोकून देऊ नका, दोन कॉलम करा, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी, मधली वेळ मॉडेलला द्या आणि टोकाच्या वेळा घालूनही एकदा चालवून बघा.

मग गंमत दिसेल, म्हणजे गंमत कसली. तुमच्या डेटात उशिरा पोचलेले पेशंट लवकर पोचलेल्यांपेक्षा चांगले वाचलेले दिसू शकतात, आणि कुणीतरी हुशार माणूस निष्कर्ष काढेल की घाई नको. अहो, जे दहा तासांनी जिवंत पोचले ते मुळातच तगडे होते, बाकीचे रस्त्यातच गेले, ते तुमच्या एक्सेलमध्ये कधी आलेच नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, त्या दिवसांत कोण पोचलं आणि कोण नाही याचा हिशोब कुठल्याही केसपेपरात नाही. तुमचं मॉडेल फक्त ओटीपर्यंत पोचलेल्या लोकांबद्दल बोलतं, ही ओळ रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ६: रिकाम्या जागा

लॅक्टेट कुणाचं नसतं? एक तर अगदी बरा दिसणारा पेशंट, त्याचं एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) कुणी केलंच नाही, नाही तर इतका वाईट की थेट ओटीत पळवला. म्हणजे रिकामी जागासुद्धा काहीतरी सांगते. सरासरी भरून मोकळं होऊ नका, आणि रिकाम्या ओळी उडवून तर अजिबात देऊ नका, निम्मा डेटा जाईल आणि तोही सगळ्यात कामाचा. मल्टिपल इम्प्युटेशन करा, म्हणजे बाकीच्या माहितीवरून रिकामी जागा अनेकदा वेगवेगळी भरून बघायची, आर या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये माइस पॅकेज आहे, पायथनमध्येही तसली सोय आहे. ४० टक्क्यांहून जास्त रिकामा कॉलम असेल तर मी तो सोडून देतो, हा माझा अंदाजी नियम, शास्त्र नव्हे. प्रत्यक्ष वापरताना लॅक्टेट नसेल तर मॉडेल काय करणार हेही आत्ताच ठरवा, रात्री दोनला ठरवत बसू नका.

पायरी ७: तुमच्याकडे पेशंट किती आहेत हो?

इथं बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. समजा एका सेंटरकडे बऱ्याच वर्षांचे मिळून १५० पेशंट आहेत, आणि २० टक्के गेले, म्हणजे ३० मृत्यू. मॉडेलच्या दृष्टीने तुमचा डेटा १५० चा नाही, ३० चा आहे. दर फॅक्टरमागे निदान १० घटना हव्यात या जुन्या ढोबळ नियमाने फक्त ३ फॅक्टर घालता येतात. आणि तुम्ही ६० कॉलम घेऊन डीप लर्निंग करायला निघालात. नियम जुना आहे, आता आरमध्ये पीएमसॅम्पसाइज नावाचं पॅकेज जास्त नीट गणित करून देतं, पण त्याचं उत्तर सहसा याहून कडकच येतं.

त्यात परत ८०-२० फोडायची सवय. २० टक्के म्हणजे ३० पेशंट टेस्टला, त्यात मृत्यू ६. सहा माणसांवर मॉडेल चांगलं की वाईट ठरवणार? फोडू नका. सगळा डेटा वापरा आणि बूटस्ट्रॅप करा: त्याच १५० मधनं परत परत चिठ्ठ्या काढल्यासारखे ५०० नमुने काढायचे, प्रत्येक नमुन्यावर अख्खं काम पहिल्यापासून करायचं, इम्प्युटेशन, फॅक्टर निवडणं, ट्यूनिंग सगळं, आणि प्रत्येक वेळी ते मॉडेल मूळ डेटावर किती घसरतं बघायचं, तेवढं कौतुक कमी करायचं. फॅक्टर आधीच निवडून फक्त शेवटचं मॉडेल बूटस्ट्रॅप केलं तर त्याला अर्थ नाही.

पायरी ८: नवीन बनवण्याआधी आहे ते घासून बघा

३० मृत्यूंवर स्वतःचं मॉडेल उभं करण्यापेक्षा हजारो पेशंटवर बनलेलं आणून आपल्याकडे बसवणं शहाणपणाचं. युरोस्कोअर २ सगळ्यांना माहीत आहे, २०१२ चा, २२,३८१ पेशंटवर बनलेला, पण तो सगळ्या हार्ट सर्जरीचा, त्यात मालपरफ्युजन नाही, लॅक्टेट नाही. टाइप एसाठी खास म्हणजे जर्मन रजिस्ट्रीवरचा जेराडा स्कोअर, २०२० चा, ३० दिवसांतल्या मृत्यूसाठी, आणि त्यात सगळं ऑपरेशनच्या आधी मिळणारंच आहे, म्हणजे आपला पहिला क्षण.

तो आपल्या पेशंटवर चालवा. समजा त्याचा सरासरी अंदाज आला १७ टक्के आणि तुमच्याकडे प्रत्यक्षात गेले २५ टक्के. स्कोअर फेकून देऊ नका, सर्जनकडे वाकड्या नजरेने बघू नका, आधी इंटरसेप्ट, म्हणजे मॉडेलचा सगळ्यांना सारखा लागणारा पायाचा आकडा, सरकवा. गणित बारावीचं आहे: प्रत्येक शक्यतेचा लॉजिट काढा, म्हणजे शक्यता भागिले एक वजा शक्यता, त्याचा लॉग. १७ टक्क्यांचा लॉजिट साधारण उणे १.५९, २५ चा उणे १.१०, फरक ०.४९. हा फरक सगळ्या पेशंटच्या लॉजिटमध्ये मिळवा आणि परत टक्क्यात आणा. ज्याला स्कोअर ३० टक्के म्हणत होता तो आता ४१ टक्क्यांवर येतो. हे कागदावर समजण्यासाठी, खरं करताना लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये जुना लॉजिट ऑफसेट म्हणून, म्हणजे जसाच्या तसा, ठेवा आणि फक्त इंटरसेप्ट बसवा. उतार, म्हणजे जुन्या लॉजिटला किती जोर द्यायचा तो आकडासुद्धा बदलायचा मोह होईल, तेवढ्या घटना असल्याशिवाय करू नका.

पायरी ९: आता मॉडेल, आलं बाबा एकदाचं

पहिलं लॉजिस्टिक रिग्रेशन, पण दंड लावलेलं, म्हणजे छोट्या डेटावर फॅक्टरचा जोर फुगू न देणारं, रिज किंवा लॅसो, घटना फारच कमी असतील तर फर्थ, ही त्या दंडाच्या प्रकारांची नावं. फॅक्टर कॉम्प्युटरला निवडायला लावण्यापेक्षा सर्जन, ॲनेस्थेटिस्ट आणि इंटेन्सिव्हिस्ट एकत्र बसवून आधी लिहून घ्या. वय सरळ रेषेत घालू नका, वाकू द्या, स्प्लाइन, म्हणजे वाकणारी रेषा, वापरा. "६५ च्या वर" असे तुकडे तर करूच नका, ६४ आणि ६६ मध्ये असा काय फरक पडतो.

मग हौसेला रँडम फॉरेस्ट आणि एक्सजीबूस्ट, त्याच बूटस्ट्रॅपमधनं. फरक नगण्य आला तर दचकू नका, २०१९ साली ७१ अभ्यास एकत्र बघून संशोधकांनी हेच सांगितलं होतं की तुलना नीट केली असेल तर क्लिनिकल प्रेडिक्शनमध्ये मशीन लर्निंग लॉजिस्टिकपेक्षा सरस ठरलेलं दिसत नाही. डेटा हजारोंत गेला, मॉनिटरचे सेकंदासेकंदाचे आकडे आले, सीटीच्या इमेज आल्या, तर गोष्ट वेगळी. दीडशे सीटीवर इमेज मॉडेल शिकवायचा विचार मात्र सोडून द्या.

मृत्यू कमी आहेत म्हणून स्मोट लावून खोटे पेशंट तयार करू नका. त्याने फक्त सगळ्यांची रिस्क फुगते, २० टक्क्यांचा माणूस ५० चा दिसायला लागतो, आणि मग तोच आकडा तुम्ही नातेवाइकांना सांगणार. शॅपचे, म्हणजे कुठल्या फॅक्टरने अंदाज किती हलवला ते दाखवणारे, रंगीत ग्राफ काढा, मॉडेल कशाकडे बघतंय ते कळतं, चोरवाटा सापडतात. पण शॅपमध्ये हिमोग्लोबिन वर आलं म्हणजे रक्त चढवलं की माणूस वाचेल असं होत नाही.

पायरी १०: तपासणी

ॲक्युरसी विसरा. १५० जणांपैकी कोणीच मरणार नाही असं सांगणारं मॉडेल ८० टक्के बरोबर असतं.

एयूसी बघा, पण रेंजसकट. त्याच १५० मध्ये ३० मृत्यू असताना ०.८० एयूसी आली तर खरी किंमत साधारण ०.७० ते ०.९० मध्ये कुठेही असू शकते. दोन मॉडेलांत ०.०२ चा फरक आला म्हणून एकाला हार घालू नका.

आणि एयूसी फक्त क्रम बघते. आपल्या भागात ऊस घालणाऱ्याला हे समजवायची गरज नाही: कारखान्याच्या काट्याने प्रत्येक गाडीमागे सारखंच वजन मारलं तरी कुठली गाडी जड कुठली हलकी हा क्रम बरोबरच येतो, फक्त पैसे चुकतात. मॉडेलचंही तसंच, क्रम छान आणि आकडा खोटा. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे सांगितलेला आकडा प्रत्यक्षाशी जुळतो का, ते बघा. मॉडेलने ज्यांना २० टक्क्यांच्या आसपास सांगितलं त्यांच्यात खरंच पाचात एक गेला का. ग्राफ काढा, इंटरसेप्ट शून्याजवळ आणि उतार १ जवळ हवा. उतार ०.६ वगैरे आला तर मॉडेल टोकाचं बोलतंय, कमी रिस्कवाल्याला फार कमी आणि जास्तवाल्याला फार जास्त. छोट्या डेटावर हे हमखास होतं. आकडा नातेवाइकांपर्यंत जाणार असेल तर माझ्यासाठी कॅलिब्रेशन एयूसीच्या वर आहे.

बाहेरची तपासणी हवीच. मिरज, सांगली, बेळगाव, पुणे, जिथं कुणी डेटा द्यायला तयार असेल तिथं. सगळ्यांचा मिळून बनवलात तर दर वेळी एक सेंटर बाहेर ठेवून त्याच्यावर तपासा. लिहायला बसाल तेव्हा २०२४ ची ट्रायपॉड प्लस एआयची चेकलिस्ट, म्हणजे प्रेडिक्शन मॉडेलच्या पेपरात काय काय लिहायचं त्याची यादी, शेजारी ठेवा.

पायरी ११: आकड्याचं करायचं काय

ऑपरेशन नाकारायला हा आकडा वापरायचा नाही, हे सुरुवातीला म्हटलं. कारण साधं आहे, तुमच्या डेटात सगळे ऑपरेशन झालेलेच आहेत, न केलं असतं तर काय झालं असतं हे मॉडेलने कधी पाहिलेलंच नाही. ज्याला मॉडेल ४५ टक्के म्हणतंय त्याला ऑपरेशनशिवाय कदाचित ९० असेल. वय वाढलं की रिस्क वाढते हे सगळी मॉडेलं सांगतात, पण ज्यांच्या नावाने डिसेक्शनचं एक वर्गीकरण आहे त्या सर्जन मायकेल डिबेकींना स्वतःलाच २००५ च्या अखेरीस वयाच्या ९७ व्या वर्षी डिसेक्शन झालं, २००६ मध्ये ऑपरेशन झालं, आणि ते २००८ पर्यंत जगले. एका माणसावरून नियम निघत नाही, पण ९७ हा आकडा टाकल्यावर तुमचं मॉडेल काय म्हणालं असतं ते बघा.

वापरायचा तो तयारीसाठी. त्याचा फायदा मोजायला डिसिजन कर्व्ह असते. समजा किडनीचा धोका २० टक्क्यांच्या वर असेल तर नेफ्रोला बोलवायचं ठरवलं. १०० पेशंटमध्ये मॉडेलने ४० जणांवर खूण केली, त्यातल्या १५ जणांना खरंच त्रास झाला, २५ उगाच. निव्वळ फायदा म्हणजे ०.१५ वजा ०.२५ गुणिले ०.२५, म्हणजे ०.०८७५. तो दुसरा ०.२५ कुठला? २० भागिले ८०, तुमच्याच उंबरठ्यातनं आलेला. आता सगळ्यांसाठीच नेफ्रोला बोलावलं असतं आणि १०० पैकी २० जणांना त्रास होणार असता तर? ०.२० वजा ०.८० गुणिले ०.२५, शून्य. म्हणजे मॉडेलने कमावलं. हे गणित उणं आलं तर एयूसी कितीही सुंदर असो, मॉडेल कपाटात ठेवा.

नातेवाइकांशी बोलताना टक्के सांगू नका. बाहेर मुलगा असतो, भाऊ असतो, मेहुणे असतात, गावातनं जीप भरून पाहुणे आलेले असतात, आणि "३० टक्के" ऐकून एकजण समजतो जगायचे ३० आणि दुसरा समजतो मरायचे. "अशा अवस्थेतल्या शंभर जणांचं ऑपरेशन केलं तर साधारण तीसजण महिन्याभरात जातात, सत्तर जगतात, तुमचे दादा त्यातल्या कुठल्या बाजूला ते मला आत्ता सांगता येत नाही." हे वाक्य डॉक्टरांनी म्हणायचं, मोबाईलची स्क्रीन दाखवायची नाही.

पायरी १२: चालू झाल्यावर

प्रत्येक प्रेडिक्शन निकाल कळायच्या आधी नोंदवलं गेलं पाहिजे, वेळेसकट, नाही तर मागाहून सगळेच ज्योतिषी होतात. पहिले काही महिने मॉडेल गुपचूप चालू द्या, आकडा कुणाला दाखवू नका, फक्त साठवा. मग दर तीन महिन्यांनी मॉडेलने सांगितलेले एकूण आणि प्रत्यक्ष झालेले एकूण शेजारी ठेवा. सर्जन बदलला, आर्चचं, म्हणजे ॲओर्टाच्या कमानीचं, मोठं ऑपरेशन सुरू केलं, लॅबने मशीन बदललं, नवीन ॲम्ब्युलन्स आली आणि आधी रस्त्यात जाणारे पेशंट आता पोचायला लागले, यातल्या कशानेही आकडे सरकतात, आणि शेवटच्या कारणाने तर मृत्युदर वाढलेला दिसेल, जे खरं तर चांगलं लक्षण आहे. सरकले की आठव्या पायरीतला इंटरसेप्ट परत बसवा, व्हर्जन नंबर बदला, जुना नंबर केसपेपरवर तसाच राहू द्या, आणि मॉडेल बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे त्या एका माणसाचं नाव आयसीयूच्या फाईलीत लिहून ठेवा.